राहतं घर मोडण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, गणिताची निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. तिन्ही मुलांनी या घरात एकत्र राहावं, असं सांगणारं माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझ्यानंतर सहा महिन्यांच्या आत हे घर विकावं आणि आलेले पैसे दोन मुलगे व धाकटी मुलगी यांना सारखे वाटावेत. तिघांपैकी कोणीही ते विकत घेऊ नये. थोरला म्हणेल, म्हातारीला चळ लागला. म्हणून कारणही लिहून ठेवते.

जन्मभर मी एकच गणित केलं. गटागटांनी राहणाऱ्या जिवांमध्ये दुसऱ्यासाठी झिजणारे टिकतात कसे? कोणताही एक गट घ्या, त्यात झिजणारा मागे पडतो आणि आयत्या बिळावरचे नागोबा वाढतात. पण झिजणारे जास्त असलेला गट इतरांहून भराभर वाढतो, त्यामुळे सगळे गट मिळून मोजले तर झिजणारेच वाढलेले दिसू शकतात. मात्र त्यासाठी गट वेळेवर मोडून नव्याने बांधले गेले पाहिजेत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गटात कोंडलं, तर झिजणारा संपतो.

आमच्या घरात झिजणारी एकच आहे. थोरल्याची मुलं, मधल्याचं पथ्यपाणी, माझं अंथरूण, सगळं धाकटीकडे. परगावची चांगली नोकरी तिने दोनदा नाकारली. मी म्हटलं, "जा ना गं." तर म्हणाली, "मी गेले तर घर मोडेल, आई." थोरल्याशी बोलले तर तो म्हणतो, "तिला आवडतं गं हे सगळं." या वाक्याचा राग माझ्याबरोबरच जाईल.

माणसं म्हणजे समीकरणातली अक्षरं नव्हेत, हे मला कळतं. नव्या ठिकाणी तिला याहून मोठे ऐतखाऊ भेटले तर? या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसतो. तरीही कलम तेच राहील.

२. माझा फळा कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना द्यावा. "बाई, गटबिट सोडा, सगळ्यांची सरासरी काढा आणि मोकळ्या व्हा," असं ते भर सभेत म्हणाले होते. फळा जड आहे; त्यांनी स्वतः येऊन न्यावा.

३. पुस्तकं विद्यार्थ्यांना. भांडणं झाली तर होऊ द्यावीत.

४. वकील म्हणाले, "मुलीला आधी सांगा." मी सांगणार नाही. सांगितलं तर ती आजच रडेल, किंवा आजच जाईल. आणि उद्या सकाळी मला उठवून बसवायला तीच लागते. म्हणून घर मी जिवंतपणी मोडत नाही, मेल्यावर मोडते आहे. ऐतखाऊ मोजायला बसाल तेव्हा पहिली मला मोजा.

सही: तिघांची आई

साक्षीदार:
समोरच्या घरातले शिंपी (सही)
रक्तदाब तपासायला येणाऱ्या नर्सबाई (सही)

ठिकाण: याच घरातली मागची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, धाकटी औषधं आणायला गेली असताना