चौदा महिन्यांची पिन

मी कडूबा इंद्रभान शेजुळ, वय ७३, राहणार अंबड, जिल्हा जालना, धंदा कडबाकुट्टी मशिनी बनवण्याचा. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाला बळी न पडता लिहून ठेवतो. छाती खराब झाली आहे, डोकं बराबर आहे.

१. राहतं घर मुलगा हरिओम याला. माझ्या खोलीला कुलूप घालून फोटो लावत बसू नये, भाडेकरू ठेवावा.

२. वर्कशॉप, लेथ व वेल्डिंगचं सगळं सामान मुलगी दैवशाला हिला. हरिओमने कुरकूर करू नये. कारण लिहितो.

आमच्या मशिनीचे रूळ कडबा आत ओढतात. हात अडकला तर रूळ थांबवायला दांडा असतो. दांड्याची पिन वाकली की तो लागत न्हाई. वाकलेली प्रत्येक पिन मी वहीत मांडली आणि तसलीच नवी बसवून दिली. अठरा वर्षांची सरासरी काढली, पिन चौदा महिने टिकते. आल्यागेल्याला कौतुकाने वही दाखवायचो. माझा वेल्डर भुजंग एकदा म्हणाला, "आबा, मोजून मोजून पिन जाड होतीय का?" मी त्याला आठ दिवस कामावर घेतलं न्हाई. त्याची इथं माफी मागतो.

दैवशालेला पिंपळगाव रेणुकाईला, तिच्या सासरी, मशीन मीच दिल्ती. पंधराव्या महिन्यात तिचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. आकडा माझा बराबर निघाला. आग लागो त्या आकड्याला! नंतर जाड पिन बनवायला मला दोन घंटे लागले.

३. जुन्या पिनेच्या त्रेसष्ट मशिनी अजून गावोगाव चालू आहेत. पत्ते वहीत आहेत, तिचा तेवढाच उपयोग. बँकेतली ठेव या कामाला लावावी. भुजंगने दारोदार जाऊन पिना फुकट बदलाव्यात. शेवटची बदलेपर्यंत माझ्या नावाने पंगत घालू नये.

४. लोक म्हणतील, "चांगली चालून राह्यली की, कशाला खोलता?" मी पिना बदलायला मंठ्याकडच्या गावांत गेल्तो, तिघांनी असंच वाटेला लावलं. म्हणून दैवशालेने भुजंगसोबत जावं आणि पदराखालचा हात बाहेर काढून दाखवावा. पोरी, तू तो माझ्यापुढंसुद्धा कधी काढला न्हाईस. बापानं लेकीला असलं मागू नये, कळतं मला. तरी मागतो.

ठिकाण: अंबड
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

सही: कडूबा इंद्रभान शेजुळ

मजकूर त्यांनी स्वतः वाचून आमच्यादेखत सही केली:
१. भागवत सुग्रीव खरात
२. रामेश्वर आसाराम तांगडे