पुढची ओळ

सोमवार, ११ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. इकडे आम्ही ठीक आहोत, तू आणि वहिनीही ठीक असाल अशी आशा करते. आईचा गुडघा जैसे थे. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली, तर बाईसाहेब काठी काखेत धरून चालतात. विचारलं तर म्हणते, "मोडेल ना टेकवली तर." स्वयंपाकघराच्या छताची गळती अखेर थांबली. गवंडी तीनदा येऊन फक्त वर बघून गेला, चौथ्यांदा मीच त्याच्या दारात जाऊन बसले, तेव्हा कुठे हललं काम.

माझं हॉस्पिटलचं चालू आहे. बरोबरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे, त्यामुळे तिचेही पेशंट माझ्याच गळ्यात. पक्षाघातानं वाचा गेलेली माणसं या वर्षी जरा जास्तच आली. एक शिक्षिका आहेत, त्यांना प्रत्येक वस्तूला "चमचा" म्हणायची सवय लागली आहे. नवऱ्यालाही चमचाच म्हणतात. तो म्हणाला, "बाई, तीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलली." हसून हसून पुरेवाट झाली आमची.

तुला फोन न करता पत्र का लिहिते आहे, हे तू एव्हाना विचारलं असशील. फोनवर एक नाव घेतलं की तू फोन ठेवतोस, म्हणून. पत्र फाडायचं तर आधी हातात तरी धरावं लागतं. तेवढा वेळ मला दे.

लांबलचक प्रस्तावना पुरे. दादा, डिसेंबरपासून माझ्याकडे जे एक पेशंट येतात, ते मुकादम आहेत.

आपलेच मुकादम. बाबा होते त्या रंगकारखान्याचे.

बघ, मी "ते" लिहिलं. आपल्या घरात त्या माणसाला कुणी कधी "ते" म्हटलं नाही, एक बाबा सोडून.

मी त्यांना मागून घेतलं नाही. कागद माझ्या टेबलावर आला, तो तसाच उचलला. साहेबांकडे जाऊन म्हटलं, हे मला जमणार नाही, ओळखीचे आहेत. ते म्हणाले, "ओळखीचे असतील तर बरंच की." दुसरं कुणी नव्हतंच घ्यायला. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये देवाशी मनातल्या मनात इतकं भांडले की माझा थांबा निघून गेला. एवढी माणसं आहेत तुझ्या जगात, मीच का, आणि हाच का? बाबा म्हणायचे तसं, उत्तर द्यायची त्याला कसली घाई नसते.

पहिल्या दिवशी त्यांची बायको त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. त्यांना कळलं होतं मी कोण ते. इतकी वर्षं दर रविवारी एकाच चर्चमध्ये त्यांच्या मागच्या बाकांवर बसते मी, आणि कधी चकार शब्द बोलले नाही. काकू मात्र म्हणाल्या, "बाई, यांना बोलतं कर. आयुष्यभर सगळ्यांवर ओरडले, आता घर कसं खायला उठतं."

मी माझं काम नीट केलं, दादा. चुकीचं काही केलं नाही. चित्रांचे पत्ते दाखवायचे, किल्ली, कप, घड्याळ, आणि शब्दाची वाट बघायची. पण एक तुला सांगते, जे मी कुणालाही सांगितलेलं नाही. किल्लीच्या चित्राकडे बघून त्यांचे ओठ नुसते थरथरायचे, डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा मला आत कुठेतरी गोड वाटायचं. ज्या जिभेनं बाबांच्या चौकशीत सांगितलं, "तो झोपला होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," तीच ही जीभ. बाबांनी दोनदा जाऊन सांगितलं होतं की वाफेची झडप अडकते आहे, बॉयलर बंद करा. यांनीच म्हटलं होतं, पाळी संपेपर्यंत चालव. नळी फुटली, बाबांच्या सोबत्याचा हात भाजला, आणि झोपेचा शिक्का बाबांच्या कपाळी बसला. तुला शाळेत "झोप्याचा पोरगा" म्हणायचे. मला ते आठवायचं आणि मी किल्लीचं चित्र पुन्हा दाखवायचे. बाकीच्या पेशंटसाठी मी कितीही वेळ थांबते. यांच्या वेळी घड्याळाकडे बघायचे.

अशी माणसं साधा शब्द बोलू शकत नाहीत, पण लहानपणापासून तोंडात बसलेलं काही असलं तर ते आपोआप बाहेर येतं. कुणाला पाढे येतात, कुणाला गाणं. काकू म्हणाल्या, यांना प्रभूची प्रार्थना येते, सकाळी पुटपुटतात. म्हणून मी तीच घेतली. अर्धी ओळ मी म्हणायची, उरलेली त्यांनी. स्वर्गातला पिता, त्याचं नाव, त्याचं राज्य, रोजचं अन्न. आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ म्हणायचे.

अन्नाच्या ओळीपर्यंत येऊन मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पुढची ओळ कुठली, ते तुला सांगायला नको. आम्ही इतरांचे अपराध सोडून देतो, तसे तू आमचे सोडून दे. ती त्या माणसाबरोबर म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आठवड्यामागून आठवडे मी प्रार्थना अर्ध्यात तोडत होते आणि मनाला सांगत होते, पेशंटला एकदम जास्त देऊ नये.

एक दिवस मी असंच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पण ते पहिली ओळ म्हणेनात. डावा हात उचलून मला थांबवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वाट बघत राहिले, दादा, जशी मी माझ्या पेशंटची बघते तशी. मी म्हटलं, "आजची वेळ संपली," आणि पत्ते गोळा केले. वेळ संपलेली नव्हती.

संध्याकाळी भांडी घासताना नळ सोडून तीच ओळ मोठ्यानं म्हणून बघत होते. अर्ध्यात अडकत होते. आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथूनच म्हणाली, "विसरलीस का गं पुढचं?"

"विसरले नाही."

"मग म्हण."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. डिसेंबरपासून लपवलेलं. मला वाटलं, रडेल, नाहीतर चिडेल. तिनं हातातल्या टॉवेलची घडी मोडली आणि परत घातली. मग म्हणाली, "तुझे बाबा दर रविवारी उपासना संपली की त्याच्याशी हात मिळवायला जायचे. आठवतं?"

आठवत कसं नाही. तूच एकदा चर्चच्या पायऱ्यांवर त्यांचा हात झटकून दिला होतास. "भित्रे आहात तुम्ही," म्हणाला होतास, सगळ्यांदेखत. मीही मनात तेच म्हणत होते, फक्त तुझ्याइतकं धाडस नव्हतं.

आई म्हणाली, "मलाही संताप यायचा. एकदा विचारलं, कशाला जाता त्याच्या पाया पडल्यासारखे? तर म्हणाले, 'अगं, मागच्या रविवारचा हात पुरत नाही. आठवडाभर मनात त्याचा गळा धरतो मी. रविवारी सोडतो. सोमवारी पुन्हा धरतो.' आणि हात मिळवून परत आले की त्यांचा तळवा घामानं ओला असायचा. मी रुमाल द्यायचे."

दादा, मला हे ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. आपल्याला वाटलं, त्यांना काही वाटतच नाही. ते म्हणायचे ना, "खरं काय ते देवाला माहीत आहे," आणि तू उलट म्हणायचास, देवाला माहीत असून काय उपयोग, लोकांना कळायला हवं. तो भरवसा त्यांना फुकट मिळाला असं मी समजत होते. दर आठवड्याला घाम गाळून कमावत होते ते.

मी आईला म्हटलं, "पण मनातून येत नाही गं."

ती म्हणाली, "मनातून यायची वाट बघितली असती तर मी तुम्हा दोघांना एक दिवस जेवायला घातलं नसतं. तू तोंडानं म्हण. मन हट्टी पोर आहे, रडत रडत का होईना, मागून येतं."

पुढच्या वेळी मी ती ओळ म्हटली. अर्धी मी, अर्धी त्यांनी. छातीवरचा दगड उतरला, प्रकाश पडला, असलं काही झालं नाही. नंतर आम्ही किल्लीचं चित्र घेतलं आणि त्यांना ते नेहमीसारखं आलं नाही. पण त्या दिवसापासून एक झालं. मी घड्याळाकडे बघायचं थांबले. वाट बघायला लागले.

आणि वाट बघितली म्हणूनच पुढचं ऐकू आलं.

ते मध्येच "जा, जा" म्हणायचे. सुरुवातीपासून. आम्हाला वाटायचं, हाकलतात. नर्स रुसायची, काकू डोळे पुसत बाहेर जायच्या. मलाही म्हणायचे, आणि मी आनंदानं जायचे. आता थांबले, तर "जा"च्या पुढे "गा" आलं. जागा. काकू म्हणाल्या, जागा बदलून हवी असेल. म्हणून घरी त्यांची खाट खिडकीशी नेली, मग दाराशी, मग परत भिंतीशी. शेजाऱ्यांची दोन मुलं घाम गाळून दमली, आणि हे खाटेवर बसून कपाळावर हात मारून घेत होते.

आमच्या कामात एक नियम आहे. पेशंटचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. गेल्या मंगळवारी ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तो." खूप वेळ काही नाही. "तो जागा." काकू म्हणाल्या, "कुठली जागा हो?" मी त्यांना हातानं गप्प केलं. मला कळलं होतं, दादा. पण मी तोंड मिटून बसले. घाम त्यांच्या कानशिलावरून खाली येत होता.

"तो जागा होता," ते म्हणाले. आणि मग, "मी. खोटं."

मी उठून जिन्यात गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. काकू मागून आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. त्या वयात ते ऐकायचं म्हणजे काय, याचा मी तोवर विचारच केला नव्हता. आम्ही दोघी तिथं एकमेकींना धरून उभ्या होतो, आणि कोण कुणाला धरतंय ते सांगता आलं नसतं.

काल रविवारी ते चर्चमध्ये उभे राहिले. मी सांगितलं होतं, सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही, आईनंही तसाच निरोप पाठवला होता. ऐकेनात. पाळकसाहेबांनी प्रार्थनेनंतर त्यांना पुढे बोलावलं. एवढी माणसं बघून त्यांची जीभ पुन्हा जड झाली. "जागा," म्हणाले. "जागा." पुढच्या बाकावरची मंडळी बिचारी सरकून बसली, त्यांना बसायला जागा हवी असं वाटून. कुणीतरी हसलं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. ते मी म्हटलं असतं तर क्षणात सुटलो असतो सगळे. नाही म्हटलं.

शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि बाबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जसं चौकशीत घेतलं असेल. मग म्हणाले, "जागा होता तो. मी खोटं बोललो."

तरुणांना काही कळलं नाही. पण कारखान्यात काम केलेली म्हातारी माणसं होती तिथं. ज्यांनी तेव्हा आपल्याशेजारी बसणं सोडलं होतं, त्यातलीही होती. कुणी मान वर केली नाही. आई उठली. काठी बाकावरच ठेवून, बाकांना धरत धरत पुढे गेली. मला वाटलं, काय बोलेल आता? तिनं त्यांची खुर्ची मागून ओढून आणली आणि म्हणाली, "बसा आता. दमलात."

घरी आल्यावर मात्र ती खोली लावून खूप रडली. बाबांना हे ऐकायला मिळालं नाही, म्हणून. त्याचं उत्तर देवाकडे असेल, मी मागितलेलं नाही.

दादा, तू म्हणाला होतास, त्यानं सगळ्यांसमोर एकदा सांगू दे, मग माफीचं मी बघेन. त्यानं सांगितलं. पण तू बघच, असं म्हणायला मी हे लिहीत नाही. मला इतकंच सांगायचं आहे की मी ती ओळ म्हटली तेव्हा त्यांच्याकडून काही मिळेल ही आशा मला नव्हती. आधी ते, मग मी, असं ठरवून बसले असते तर त्यांच्या "जा"ला आजही "जा"च समजत असते. आणि आज सोमवार आहे. सकाळी दात घासताना मला तुझा शाळेतून आल्यावरचा चेहरा आठवला आणि मुठी पुन्हा वळल्या. तेही तुला कळायला हवं.

उद्या त्यांची नेहमीची वेळ आहे. एवढं मोठं बोलले, पण चहा हवा की दूध, ते अजून सांगता येत नाही त्यांना. ते शिकवायचं आहे.

वहिनीला आठवण सांग. आई म्हणाली, सगळं लिही, पण त्याला "ये" म्हणून लिहू नकोस, त्याचं त्याला ठरवू दे. म्हणून तो शब्द मी या पत्रात कुठेही घातलेला नाही.

वाट न बघण्याचा प्रयत्न करणारी,
तुझी धाकटी