दर्याबाबाचा ओटा कुणाच्या बापाचा नाही

मी, महारुद्र वैजीनाथ पांचाळ, वय चोवीस, राहणार मौजे वडगव्हाण, तालुका सोनपेठ, जिल्हा परभणी, शुद्धीवर आहे, प्यालेलो नाही, तब्येत ठणठणीत आहे आणि मरायची मला बिलकुल घाई नाही. तरी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो, कारण चुलते किशनराव चारचौघांत बोलले, "तुझ्यामागं हाय कोण? शेवटी ओटा आमचाच."

१. वडिलांमागे नदीकाठचं शेत व त्यातला दर्याबाबाचा ओटा माझ्या नावे आहे. गाव म्हणतं, दर्याबाबा समुद्रापलीकडचा सुतार. एका व्यापाऱ्यानं त्याला बाजारात विकत घेतलं आणि मणी-कापसाच्या तांड्यासोबत गोदाकाठी आणलं. राजानं महालासाठी दिलेलं धन त्यानं गोरगरिबांत वाटून टाकलं. आजही गावातली नवी चौकट, घर कुणाचंही असो, आधी त्या ओट्याला टेकवतात, मग बसवतात. किशनकाका म्हणतात, तो विश्वकर्म्याचा अवतार. गावातले ख्रिस्ती शामुवेलकाका खंडागळे म्हणतात, तो येशूचा शिष्य थोमा. एकाला तिथं कळस पाहिजे, दुसऱ्याला क्रूस. मी हे वर्गात सांगितलं तर कॉलेजातले सर म्हणाले, "पुरावा काय?" आणि वर्ग हसला. त्यानंतर मी कॉलेजची पायरी चढलो नाही. पस्तावा नाही.

२. शामुवेलकाकांच्या ऋतिकाला मी मागणी घातली. ते म्हणाले, "पोरगी परधर्मात द्यायची न्हाई." काका म्हणाले, "किरिस्तावाची पोर सून म्हणून घरात नको." त्या दोघांचं एकमत गावानं पहिल्यांदाच पाहिलं. सुतार विकत घेणाऱ्या त्या व्यापाऱ्यानं निदान त्याचं काम तरी बघितलं असेल. यांनी माझं तेवढंही बघितलं नाही.

३. शेत व ओटा ऋतिकाला. तिनं शामुवेलकाकांनी बघितलेल्या पूर्णेच्या त्या रेल्वेवाल्याशी लग्न केलं तरी तिलाच. हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलं आहे, खाडाखोड माझीच. अट एकच: कळस नाही, क्रूस नाही, पाटी नाही.

४. वडिलांचा रंधा आणि पटाशा, ज्याला चौकट करता येते त्यानं न्याव्यात. काकांना हात लावू देऊ नये. ते दुकानात प्लायवूडची दारं विकतात.

५. मोबाईलमधले तिचे फोटो न बघता पुसावेत. माझ्यानं झालं नाही.

हे सर्व मी स्वखुशीनं, पण रागात लिहिलं आहे. राग गेला तरी मजकूर कायम समजावा.

वडगव्हाण, दि. १२ जानेवारी २०२५
लिहून देणार: महारुद्र वैजीनाथ पांचाळ

साक्षीदार
१. कडूबाई किशनराव पांचाळ, चुलती. अंगठा लावताना म्हणाल्या, "मालक बोंबलतेल. बोंबलू द्या."
२. शामुवेल खंडागळे. यांना मुद्दाम बोलावलं. वाचून म्हणाले, "लेकरा, लय चांगलं केलंस. अटीचं मागून बघू. पण तू मरायची वाट कशाला? आत्ताच करून दे की पोरीच्या नावावर."
मी म्हणालो, "देतो. जावई करून घ्या."
पेन त्यांच्या हातात आहे. सही व्हायची आहे.