कोबीच्या वाफ्यावरचा जनरल

मी, झिल्पा थर्लो, दिवंगत ब्रिगेडियर जनरल इनॉक थर्लो यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार टॅनर्स फोर्क, ओहायो राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी दृष्टी अधू आहे, गुडघे कामातून गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टर व्हीलॉक यांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझ्यामागे जज पेल्हॅम ‘म्हातारी भ्रमिष्ट झाली होती’ असे म्हणणार, हे मला आजच ऐकू येते आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असले कागद राजीखुशीने लिहिले असे म्हणायची रीत आहे. मी हा रागाने लिहिते आहे. राग आला म्हणजे अक्कल गेली असे कोणी समजू नये.

कलम पहिले. माझे राहते घर, चूल, विहिरीचा पंप, सफरचंदांचा मुरंबा करायची तांब्याची कढई आणि कोंबड्या, हे सर्व माझ्या बहिणीची मुलगी हॅटी लव्हेल हिला द्यावे. तिने माझी आजारपणे काढली आणि माझी बोलणी खाल्ली. दुसरे काम जास्त अवघड होते. अट एकच. पुतळा कमिटीच्या बायका ‘जनरलसाहेबांची खुर्ची बघायची’ म्हणून आल्या, तर त्यांना ओसरीवरूनच लावून द्यावे. त्यांच्या आयांनी मला चर्चमध्ये बाकावर सरकून जागा दिली नव्हती. मी विसरलेले नाही.

कलम दुसरे. ओढ्यावरची पाणचक्कीही हॅटीलाच. ती चालवावी, विकावी किंवा पडू द्यावी. इनॉक उत्तर-दक्षिणेच्या लढाईवरून परत आल्यावर गावाने या चक्कीवर धान्य आणणे बंद केले. गव्हाची पोती आमच्या दारावरून पलीकडच्या गावी जात. मी खिडकीतून शिव्या मोजत बसे. इनॉक दारात उभा राहून गाडीवाल्या पोरांना हात करी. एकदा मी भडकून म्हटले, “लाज नाही वाटत यांना? पीठ दुसऱ्याकडून दळून खातात!”

तो म्हणाला, “खातायत ना, झिल्पा? मग झालं तर.”

मला तेव्हा त्याचा राग आला होता. आजही थोडा येतो. इतके चांगले असू नये माणसाने, बायकोला एकटीला रागवावे लागते.

कलम तिसरे, तलवार. ही तलवार गावाने वर्गणी काढून इनॉकला दिली, त्या दिवशी स्टेशनवर बँड होता. आमच्याकडे पलटण गावातून उभी राहत असे. शेजारी शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा, आतेभाऊ-मामेभाऊ एकाच कंपनीत. सगळ्यांना त्यात मोठी मौज वाटली. एका सकाळच्या लढाईत एका गल्लीतल्या सगळ्या घरांना कुलूप लागू शकते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. इनॉकच्या आले. गाडी सुटताना आया त्याच्या बाहीला धरून सांगत होत्या, “आमच्या पोराकडे बघा हं!” तो प्रत्येकीला “बघतो” म्हणत होता. इतरांसाठी ते बोलायचे शब्द होते. त्याने ते गाठीला बांधले.

त्याने काय केले ते लिहून ठेवते, कारण कमिटीच्या छापील पत्रकात यातले काही नाही. त्याने बर्फात रात्रभर माणसे चालवून पुलावरच्या तोफा घेतल्या, म्हणून त्याला जनरल केले. संडासाचे खड्डे पाण्यापासून लांब खणायला लावले. पोरे कुरकुरली, पण बाजूच्या छावण्यांत हगवणीने माणसे मरत होती, तेव्हा त्याची पोरे उभी होती. दोन मुले घेऊन पळून आलेली एक गुलाम बाई त्याच्या रसदगाड्यांत लपली होती. तिचा मालक मालकीचा कागद घेऊन आला. इनॉकने कागदाकडे पाहिलेही नाही. “इथं माणसं आहेत. तुमची मेंढरं हरवली असतील तर पलीकडच्या कुरणात बघा,” म्हणाला आणि जेवायला बसला. ही बाई पुढे कॅनडाहून मला दर नाताळाला पत्र लिहवून पाठवी. गावातल्या कोणी पाठवले नाही.

इनॉकला पदावरून काढल्यावर हीच तलवार गावाने परत मागितली. मी दिली नाही. तेव्हापासून ती घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवलेली आहे आणि तिने त्या कामात कधी कुचराई केलेली नाही. ती तिथेच राहू द्यावी.

कलम चौथे. घोड्याचे खोगीर कोणालाही द्यावे. घोडा ‘डीकन’ म्हातारपणी आमच्या तबेल्यात होता, तेव्हा माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेली मंडळी आठवण म्हणून त्याच्या शेपटीचे केस उपटून नेत. बिचारा शेवटी माशा हाकलायलाही लाचार झाला. धन्याला ओळख द्यायची नाही आणि घोड्याची शेपटी खिशात घालायची, ही टॅनर्स फोर्कची देशभक्ती.

कलम पाचवे. आता मुद्द्यावर येते. कोर्टाशेजारची तिकोनी जागा माझ्या नावावर आहे. तिथे मी कोबी लावते. इनॉक स्टेशनवर एकटा उतरला, त्या दिवशी गावाने त्याला कुजक्या कोबीने मारले आणि कोर्टासमोर त्याचा पेंढ्याचा पुतळा जाळला. त्याच चौकात आता त्याचा ब्राँझचा पुतळा करायचे चालले आहे. आधी पेंढा, मग ब्राँझ. मधल्या काळात जिवंत माणूस होता, त्याच्याकडे कोणी फिरकले नाही.

कमिटीला माझी जागा हवी. अध्यक्ष जज पेल्हॅम. लढाईत यांनी पैसे मोजून आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवले होते. तो बिचारा जर्मन मजूर परत आला नाही. जजसाहेब मात्र मिरवणुकीत सर्वांत पुढे चालतात. गेल्या महिन्यात ते पुतळ्याचा नकाशा घेऊन माझ्याकडे आले. घोडा मागच्या पायांवर उभा, इनॉकच्या हातात उपसलेली तलवार, खाली अक्षरे: ‘पुढे, नेहमी पुढेच!’

मी म्हटले, “हा कोण?”

“तुमचे यजमान, बाईसाहेब!”

“माझे यजमान त्या दिवशी पायी होते. घोडा लंगडत होता. आणि पुढे गेले नाहीत म्हणून तर तुम्ही त्यांना कोबीनं मारलंत.”

“जुनं उगाळायचं कशाला? लोकांना वाईट आठवण नको असते.”

वाईट आठवण! तीस वर्षे मी जिच्यावर जगले ती एकच चांगली आठवण.

मॉस टेकडीवर काय झाले ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. सकाळी पहिली चढाई झाली. हुकूम वरून आला होता, इनॉकने तो पाळला. त्यात माझा धाकटा भाऊ जेसी गेला. तोफांनी माणसे ओळखण्यापलीकडे गेली होती. जेसी कुठल्या खड्ड्यात आहे हे मला आजतागायत माहीत नाही. दर मे महिन्यात सगळे आपापल्या सैनिकाच्या थडग्यावर फुले वाहतात, मी ओढ्यात सोडते. त्या सकाळबद्दल मी इनॉकशी एक अख्खा हिवाळा बोलले नाही, आणि तो त्याने निमूट सोसला.

दुपारी त्याच टेकडीवर पुन्हा चढाई करायचा हुकूम आला. सकाळचे बघितल्यावर पोरांनी एक केले. सदऱ्यांच्या चिंध्या फाडल्या, त्यांवर आपापली नावे लिहिली आणि एकमेकांच्या पाठीवर टाचणीने लावली. निदान आपले मढे तरी निनावी राहू नये म्हणून. इनॉक रांगेच्या मागे उभा होता. त्याच्यासमोर गावातली सगळी नावे पाठीवर लावून उभी होती. त्याने त्यांना खाली बसवले. वरून घोडेस्वार विचारायला आला, रांग हलत का नाही? इनॉक म्हणाला, “साहेबांना सांगा, माझ्याकडची पोरं संपत आलीत. त्यांच्याकडचे हुकूम संपले की कळवा.”

दुसऱ्या दिवशी त्याला काढले. वर्तमानपत्रांनी भित्रा म्हटले. आणि तो चौकशीत अडकला असताना पोरे त्याच्याआधी घरी आली, ती काय म्हणाली? “आम्ही घेतलीच होती टेकडी, जनरलनं हात धरला!” आया-बापांनी ते खरे मानले, कारण ते मानायला बरे होते. इनॉकने ते एका शब्दानेही खोडून काढले नाही. “अठरा-अठरा वर्षांची आहेत ती. गावात तोंड वर करून राहायचंय त्यांना,” म्हणे. त्याने मात्र मान खाली घातली आणि तशीच ठेवून मेला.

म्हणून माझी अट अशी. जागा कमिटीला फुकट मिळेल. पुतळा पायी उभा असेल. हातात तलवार नाही. हात उघडा, थांबा म्हणून पुढे केलेला. तोंड खोगिरांच्या दुकानाकडे, जिथे त्याची माणसे संध्याकाळी बसून बढाया मारतात. खाली लिहावे: ‘यांनी आपली माणसे घरी आणली.’ आणि जगात सगळीकडे मेलेल्यांची नावे कोरतात, इथे त्याखाली परत आलेल्यांची कोरावीत. एकूण एक. मेलेल्यांपैकी फक्त जेसीचे नाव बाजूला लिहावे, त्याला दुसरीकडे दगड नाही. माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत हे मान्य झाले नाही, तर जागा हॅटीने ठेवावी आणि कोबी लावावी. तिथे कोबी उत्तम येते.

कलम सहावे. त्या दुपारी इनॉकने चिंध्या काढून गोळा केल्या होत्या. त्या चहाच्या डब्यात, माझ्या पलंगाखाली आहेत. त्या ज्याच्या त्याला द्याव्यात. जो मागाहून मेला त्याच्या मुलाबाळांना. ‘हात धरला’ म्हणणाऱ्याने आपले अक्षर आधी बघावे, मग पुन्हा म्हणावे.

येथवर लिहिले आणि साक्षीदार आले. पुढचे आजच घडले, पण सहीच्या आधी घडले म्हणून कागदावर असलेले बरे.

डॉक्टर व्हीलॉक आले आणि त्यांच्यामागून लेम्युअल स्टॅग, खोगिरांचा दुकानदार, पुतळा कमिटीचा चिटणीस. कोर्टात कमिटीची सभा चालू आहे, तिथूनच हॅटीने त्याला बोलावून आणले. कोबी फेकणाऱ्यांत हा होता आणि मेळाव्यात टेकडीची गोष्ट सर्वांत मोठ्याने हाच सांगतो. आल्या आल्या म्हणाला, “काकू, साक्षीला मीच सापडलो होय?”

“तुला काही देणार नाही म्हणून. ज्याला काही मिळायचं, त्याची साक्ष चालत नाही.”

“हे बरंय! बोलवायचं, आणि हातावर गूळसुद्धा ठेवायचा नाही.”

साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, पण त्याने वाचला. पाचव्या कलमाशी त्याचे कान लाल झाले.

“हे दगडावर कोरणार तुम्ही? आमची नावं? अहो, नातवंडं विचारतील आम्हाला.”

“विचारू देत. नातवंडं आहेत म्हणून विचारतील.”

“काकू, आणखी एक धडक मारली असती ना, तर ती टेकडी...”

मृत्युपत्रातून त्याला काही देता येत नाही, म्हणून मी हॅटीला डबा काढायला लावला आणि त्याची चिंधी त्याच्या हातात जिवंतपणीच दिली. ‘लेम्युअल स्टॅग, कंपनी बी, टॅनर्स फोर्क. आईला कळवा.’ अक्षर माझ्या नवऱ्याचे आहे हे मला पूर्वीपासून माहीत होते. बाकी सगळ्यांनी आपले नाव आपण लिहिले, याचेच इनॉकने का लिहावे, हे मी एकदा विचारले होते. “पेन्सिल माझ्याजवळ होती,” एवढेच तो म्हणाला.

लेम्युअल खुर्चीत बसला. डॉक्टर उगाचच खिडकीबाहेर बघत राहिले.

“माझा हात ठरत नव्हता, काकू,” तो म्हणाला. “अक्षरच उमटेना. मी म्हटलं, साहेब, तुम्ही लिहून द्या. त्यांनी विचारलं, नावाखाली काय लिहू? मी म्हटलं, आईला कळवा. लिहिलं त्यांनी. मग पेन्सिल खिशात घातली, टेकडीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणाले, पोरांनो, बसा खाली.” त्याने चिंधी गुडघ्यावर सरळ केली. “कोणाला सांगितलं नाही ना त्यांनी? माझं नाव?”

“मलासुद्धा नाही.”

मला त्याला खूप बोलायचे होते. तीस वर्षांचे साठवून ठेवले होते आणि पाठ होते. त्यातले एकही वाक्य तोंडातून निघाले नाही. मला इनॉकची फार आठवण आली.

मग लेम्युअल उठला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. “टाचणी आहे का, काकू?”

मी लावली. सही झाली की तसाच सभेत जातो म्हणतो, आणि कोट घालणार नाही. जज पेल्हॅमनी वाचावे. हे वाक्य लिहिते आहे तोवर तो खिडकीशी पाठमोरा उभा आहे, आणि माझी दृष्टी अधू असली तरी मला खुर्चीतून नाव स्पष्ट वाचता येते.

यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि त्यातला राग अजून पुरता गेलेला नाही, हे नमूद करून सही करते.

टॅनर्स फोर्क, ओहायो
९ मे १८९४

(सही) झिल्पा थर्लो

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही तिच्यासमक्ष केली:

(सही) डॉ. अमॉस व्हीलॉक, या गावचे डॉक्टर

(सही) लेम्युअल स्टॅग, कंपनी बी, टॅनर्स फोर्क. घरी आणलेल्यांपैकी.