आयलर्टची पोलो किती खाली

३ मे, शनिवार

हाजोला सोमवारी उत्तर हवंय. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या मुदती पाळल्या, आता निवृत्तीत मेकॅनिकची मुदत!

प्रश्न माझ्या भावाच्या, आयलर्टच्या, लाल पोलो गाडीचा. पुढची स्प्रिंग हिवाळ्यात तुटली. नवीन सस्पेन्शन घालायचंच आहे, तर कोणतं? हाजोने तिन्ही प्रकार बाकावर मांडले. एक, आखूड स्प्रिंगा – बसवल्या की कायमची तेवढीच उंची. दुसरं आट्यांचं – शॉकअपच्या नळीवर आटे असतात, कडं फिरवलं की गाडी हवी तेवढी खाली किंवा वर. तिसरं हवेचं – बटण दाबलं की गाडी उठते, बटण दाबलं की बसते.

आयलर्टला पूर्वी विचारावंही लागलं नसतं. जितकी खाली तितकी चांगली! पण शरदात त्याला अर्धांगाचा झटका आला, डावा पाय ओढत चालतो. पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी बांधावरच्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचं तर स्वतःच्या पोलोतूनच, असा त्याचा हट्ट. चालवणार मी, शेजारी तो. गाडी जितकी खाली, तितकं त्याला आत शिरणं अवघड. गाठ एवढीच आहे.

४ मे

आयलर्टकडे चहा. खडीसाखरेवर चहा ओतला, वर साय सोडली, मग विषय काढला.

“हवेचं घेऊ या. तू बसेपर्यंत उंच, मग खाली.”

“बटण दाबून गुडघे टेकते ती गाडी नव्हे. उंट!”

“तुझ्या पायासाठी म्हणते रे.”

“पाय माझा लंगडा. गाडीला कशाला लंगडी करतेस, संपादकीणबाई?”

आणि पहिल्याच कपानंतर चमचा कपात उभा केला. आमच्याकडे तीन कप हा पाहुण्याचा आणि यजमानाचा हक्क. चमचा कपात म्हणजे पुरे – चहाही, बोलणंही.

५ मे

आट्यांचं. हाजोला सांगून टाकलं. मधला रस्ता.

९ मे

आज उगाच बाबांच्या गोठ्याची आठवण. शहाऐंशी साल. आयलर्टने याच पोलोच्या स्प्रिंगा काढल्या आणि ग्राइंडरने प्रत्येकीचा दीड वेढा उडवला. तापलेलं लोखंड, शेण, रबर – तो वास अजून नाकात आहे. गायी भिंतीला चिकटून उभ्या. बाबा आले, जमिनीवर आडवे पडले, गाडीखाली बघितलं आणि म्हणाले, “मांजराने आता जायचं कुठून?”

विटांच्या रस्त्यावर दात वाजायचे. आई मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन मावशीकडे निघाली. पोचल्यावर म्हणाली, “तवा तापव गं, बाकीचं झालंय.” वाहन-तपासनिसाने गाडी बघितली आणि कागदावर शिक्का मारायचं सोडून हसतच बसला. परत भंगारातल्या पूर्ण लांबीच्या स्प्रिंगा. मग वर्षभर राबून आयलर्टने कायदेशीर आखूड स्प्रिंगा आणल्या.

तो उन्हाळा! काचा खाली, त्याचे केस डोळ्यांत, आणि वळणावर तो नेहमी म्हणायचा, “धर!” कशाला धरायचं ते कधी सांगितलं नाही.

१३ मे

बसवलं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं जागा. आयलर्टला आणलं. आधी पाठ आत, मग पाय हातांनी उचलून. बसला! छपराला धरून उठलाही!

हाजो म्हणाला, “थोडी चालव आधी. नव्या स्प्रिंगा दबतात.” मी म्हटलं, जमलंय तर जमलंय. तपासणीच्या शिक्क्याची वेळही ठरवून टाकली. मुदतीची खोड.

२४ मे

दहा-अकरा दिवस इकडे-तिकडे फिरवली. स्प्रिंगा दबल्या. आता बोटसुद्धा जात नाही. हाजोने माझ्याकडे बघितलं. नवशिके करतात ती चूक मी केली – स्प्रिंगा बसायच्या आधीच माप घेतलं.

आयलर्ट मात्र खूश. काठी टेकून गाडीभोवती फिरला. “आता खरी बसली!” आणि त्याच उत्साहात आत शिरला.

बाहेर येता येईना. एकदा, दोनदा. हाजोने मागून काखेत हात घातले, मी पुढून ओढलं. त्याची टोपी पडली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दिली नाही.

२६ मे

हाजो म्हणतो, “कडं फिरवतो, तीन बोटं वर घेतो. चहा होईपर्यंत काम होईल.” शिक्क्याच्या नियमात दोन्ही उंच्या बसतात म्हणे. मी हो म्हटलं. आयलर्टला फोन केला.

तो म्हणाला, “म्हणजे मेंढीसारखी चार काटक्यांवर उभी.”

“पण तू आत असशील.”

“मग ती माझी गाडी नाही, ओका. तू घेऊन जा. कोबी आणायला बरी पडेल.”

३० मे

आयलर्ट फोन उचलत नाही.

५ जून

त्यानेच फोन केला.

“वर घेतलीस?”

“हाजो उद्या घेतोय.”

“नको. राहू दे तशीच.”

“मग तू बसणार कसा?”

“बघू.”

त्याचा ‘बघू’ मी लहानपणापासून ओळखते. म्हणजे नाही. हाजोला कळवलं, हात लावू नकोस. मेळाव्याला एकटी जाऊ? शेजारची सीट रिकामी ठेवून? मनात नाही. पण पलीकडून फोन ठेवताना म्हणाला, “तू मात्र जा. धुऊन ने.”

७ जून

धुतली. चाकांच्या कडा जुन्या दात घासायच्या ब्रशने. आयलर्ट असाच घासायचा, आणि मला पाणी धरायला लावायचा. विचित्र रिकामं वाटलं.

८ जून, पेंटेकॉस्ट

बांधाच्या वळणावर लोक घडीच्या खुर्च्या टाकून रांगेने बसले होते, जाणारी प्रत्येक गाडी बघत. त्यांच्यात आयलर्ट! हाजोच्या उंच व्हॅनमधून आला होता. मी ब्रेक दाबला. त्याने काठी हलवली – थांबू नकोस, जा! पुढून वळून परत आले. पुन्हा काठी – हळू! तिसऱ्या फेरीला काच खाली केली. त्याचे डोळे भरलेले, आणि माझ्याकडे बघतही नव्हता, मडगार्डकडे बघत होता.

“चाळीस वर्षं मी आत बसून होतो, ओका! अशी दिसते होय ही?”

मग म्हणाला, “आणखी एकदा.”

वळवली.