सुकुरीचा गुडघा

४ मार्च १९८४

कपडे धुणारी! वीस जर्मन, सहा फ्रेंच, अख्खं रिंगण — आणि सगळ्यांसमोर वाल्देलीरियो म्हणतो, "ह्या दोना इरासी. आपल्या मेस्त्रेंचे पांढरे कपडे आयुष्यभर यांनी धुतले. टाळ्या!" आणि वाजवल्या की टाळ्या. एका जर्मन पोरीच्या तर डोळ्यांत पाणी.

मेस्त्रे सुकुरी. मेस्त्रे म्हणजे गुरू, आणि आमच्याकडे अजगराला सुकुरी म्हणतात. बाकी जगासाठी तो कापोएराचा, आमच्या नाचत लढायच्या खेळाचा, राजा; मला नुसता नवरा, ओतासिलियो. जाऊन वर्ष झालं. अखाडा त्याच्या या लाडक्या चेल्याने बळकावला, भिंतीवर स्वतःचा फोटो मेस्त्रेच्या फोटोएवढाच लावला.

प्रकाशकाचा माणूस, आमादेऊ, कधीचा मागे लागलाय — बायकोच्या हातचं चरित्र हवं म्हणून. आज त्याला हो म्हटलं. वाल्देलीरियो, धू म्हणतोस ना? धुते. नीट आपटून धुते.

७ मार्च

आमादेऊ आला. भला माणूस, घामाघूम. चवळीचं आकाराजे तळून दिलं तर मिरची लागून रडला. म्हणतो, "गुडघ्याचं प्रकरण आधी लिहा. वाचक त्याच्यासाठीच पुस्तक घेतील."

गुडघ्याची कथा आमच्या साल्वादोर शहरात शेंबड्या पोरालाही पाठ. एकोणपन्नास साली बंदरावर पोलिसांनी मेस्त्रेला घेरलं, दंडुक्याने डावा गुडघा फोडला, तरी त्याने सगळ्यांना लोळवलं. मग लंगडत लंगडतच नवी चाल काढली — सुकुरीची चाल! डावा पाय ओढायचा, समोरच्याला वाटतं गडी पडला, आणि तेवढ्यात उजवा पाय कानशिलावर.

आता जगभर धडधाकट पोरं ती चाल लंगडतात. बर्लिनमध्ये लंगडतात. पॅरिसमध्ये लंगडतात. आरशासमोर घोटून घोटून लंगडतात.

आणि मी एवढी वर्षं तोंड दाबून हसते.

८ मार्च

बाबांपासून सुरुवात केली. बोनिफासियो, गोदीतला हमाल. ओतासिलियोला पहिला पाय कसा टाकायचा ते त्यांनी शिकवलं. अखाड्याच्या माहितीपत्रकात त्यांचं नाव कुठे आहे? नाही. मेस्त्रे म्हणे "स्वतःच्या अंतःप्रेरणेने" शिकले!

बाबांनी मलाही शिकवलं. परसात, कोंबड्या हाकलून. आई ओरडायची, "पोरीला कोण करून घेईल?" बाबा म्हणायचे, "जो करून घेईल त्याने जपून राहावं." टांग मारायला हाताची गरज नाही, जोराचीही नाही. "तो वजन टाकतो त्याच क्षणी त्याची जमीन काढून घे. अंगण झाडतेस ना? तस्सं."

१२ मार्च

काही लिहिलं नाही. काही धुतलंही नाही.

१५ मार्च

लिहिलं. एका बैठकीत. कढईतली मासळी करपली, करपू दिली.

त्या दिवशी बंदरावर पोलीस नव्हते. रविवार होता. ओतासिलियो दुपारी पिऊन आला. मी बाजारात कुणाशी तरी हसले, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मासे विकणाऱ्याशी हसले होते! त्याने पट्टा काढला. पहिल्यांदा नव्हे. लोक ज्याच्या पायांची गाणी गायचे, तो घरात हात चालवायचा.

मी मागच्या दारात, पायऱ्यांवर. त्याने पट्टा उगारला, डाव्या पायावर वजन टाकलं. मी विचार केला नाही. पायच गेला माझा. अंगण झाडतात तस्सा.

तीन पायऱ्या खाली गेला. गुडघ्याचा आवाज अजून कानात आहे — ओली फांदी मोडावी तसा. ओरडला नाही. मातीत बसून माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदा नीट बघितलं असेल मला.

"कुणाला सांगितलंस तर…"

"मी कशाला सांगू? तूच सांग काय ते."

त्याने सांगितलं. आधी दोन पोलीस होते. कार्निव्हालपर्यंत चार झाले. पुढच्या वर्षी त्यातला एक घोड्यावर होता.

पट्टा त्यानंतर कमरेवरच राहिला. गुडघ्याला मी रोज तेल चोळायचे. बायका म्हणायच्या, काय हे प्रेम! प्रेम कसलं. माझं काम बघत बसायचे मी.

१६ मार्च

मस्त झोप लागली. मेल्या, ऐकतोयस ना? सगळं लिहिलंय. अल्पविरामासकट.

२१ मार्च

आमादेऊने वाचलं. कपाळ पुसत म्हणाला, "दोना इरासी, हे… यात प्रेम थोडं कमी वाटतं."

"मलाही तेच वाटायचं."

हसला बिचारा. छापणार म्हणतो. पण पोटात राहणार नाही याच्या, चेहऱ्यावरच दिसत होतं. राहू नयेच. मला वाल्देलीरियोचं तोंड बघायचंय.

२४ मार्च

बघितलं!

सकाळी गाडी घेऊन आला. बायको मारिनाल्वा फाटकापाशीच उभी. तिला आत ये म्हटलं, तर आधी नवऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको.

हा आत आला तो गोड बोलतच. "मावशी, दुःखाने माणूस काहीबाही लिहितो. मी समजू शकतो."

"दुःख कुणाला झालंय?"

"अहो, बारा देशांत ही चाल शिकवतात! लोक काय म्हणतील? म्हातारीने पाडलं म्हणून जग लंगडतंय?"

"तेव्हा म्हातारी नव्हते रे."

मग गोडवा संपला. "कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर? धुण्याच्या दगडापलीकडे काय माहीत तुम्हाला?" टेबलावरचे कागद उचलले, टराटरा फाडायला लागला.

"फाड," म्हटलं, "मला पाठ आहे."

तेव्हा आला अंगावर. मारायला की ढकलायला, कोण जाणे. हात वर होता, एवढं खरं. आणि वजन डाव्या पायावर. यांना सगळ्यांना एकच खोड!

सहासष्टाव्या वर्षी पाय तेवढा वर जात नाही. पण टांगेला वर जावंच लागत नाही.

दारातून थेट परसात, कोंबड्यांत. मोडलं काही नाही. मेस्त्रे वाल्देलीरियो, बारा देशांचा गुरू, उताणा आणि केसांत पिसं! मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीने. भरपूर.

जाताना मारिनाल्वावर खेकसला, "हसतेस काय?" ती हसत नव्हती. माझ्या पायाकडे बघत होती.

रात्री जेवण गोड लागलं. एवढं गोड कित्येक वर्षांत लागलं नव्हतं.

२५ मार्च

मारिनाल्वा आली, एकटी. एक डोळा सुजून बंद. कालच्या पडण्याचा राग त्याने घरी जाऊन काढला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पुस्तक कधी येईल तेव्हा येईल, मावशी. तो संध्याकाळी घरी येतो."

कागद बाजूला सारले. कोंबड्या हाकलल्या.

म्हटलं, चपला काढ.