तिसऱ्या पार्टिशनमधली किल्ली

आदरणीय व्याहीबुवांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडण्यासाठी कानस खाली ठेवली, यावरून आदर किती ते ओळखावं.) आपला गुडघा आता जिना चढू देतो असं लेकीकडून कळलं, बरं वाटलं. आमच्याकडे सगळे ठणठणीत. फक्त आपण दिलेला लॅपटॉप तेवढा बरा नाही. किंवा तोच बरा असेल आणि मी नसेन.

नवा घेतल्यावर जुना मला देताना आपण म्हणाला होतात, "रिकामा करून दिलाय, आत काही नाही." मुलाकडच्यांनी दिलेली वस्तू मुलीकडच्यांनी उलटसुलट करून बघायची नसते, म्हणून मी तसाच घेतला. आता झालं असं, की बसस्टँडमागच्या लॉजवाल्याला सगळ्या खोल्यांना कार्डाची कुलपं बसवायची आहेत. फुटपाथवर किल्ल्या घासत वर आलेल्या माणसाला असं काम आयुष्यात एकदा मिळतं. पण त्या कुलपांचा प्रोग्रॅम लॅपटॉपात मावेना. सोमवारपर्यंत जागा झाली नाही तर काम समोरच्या काचवाल्याला जाणार (ज्याला कडी आणि कुलूप यांतला फरक गिऱ्हाईक समजावून सांगतं).

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवालीला दाखवलं. ती म्हणाली, "काका, यात जुनी रिकव्हरी पार्टिशनं, म्हणजे डिस्कमधले राखीव कप्पे पडलेत. मशीन बिघडलं तर पूर्वीसारखं करायला असतात ही. चालू आहे ते एक राहू दे, बाकीची तीन नुसती जागा अडवून बसलीत, उडवा." दोन चिंधीएवढी होती, तिसरं मात्र भलंमोठं, लॉजचं काम त्याच्यावरच अडलेलं. उडवायची रीतही तिने शिकवली. काळ्या खिडकीत हुकूम लिहायचा आणि शेवटी 'ओव्हरराइड' असं जोडायचं, म्हणजे मशीन मुकाट्याने ऐकतं. (हा शब्द मी घरात हिच्यावर वापरून पाहिला. चालत नाही.)

दुपारी शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला आणि पहिलं उडवलं. लॅपटॉपातून टक् झालं. मग खर्र, मग पुन्हा टक्. माझे कान आपल्याला ठाऊक आहेत. दाराशी घरधनी आहे की चोर, हे मी किल्लीच्या आवाजावरून सांगतो. हा चोर नव्हता. किल्ली आत गेली, केसभर मागे आली, फिरू लागली आणि अडली. पुन्हा आत, पुन्हा केसभर मागे. शेवटी दाराला अंगठी लागावी तसा बारीक नाद. दुसरं उडवलं, तर किल्ली घाईने फिरायला लागली. जुनी डिस्क आहे, कुरकुरणारच, असं मी स्वतःला बजावलं. पण कुरकुरणारी डिस्क मध्येच थांबून सुस्कारा टाकत नाही.

धंद्याची सवय. नखाने झाकणावर टकटक केली आणि विचारलं, "कोण?" आवाज थांबला. इतका, की रस्त्यावरून हाताने ढकलत नेलेल्या सायकलची साखळीसुद्धा ऐकू आली. मग आतून माझ्याइतकीच टकटक झाली आणि किल्ली पुन्हा कामाला लागली.

व्याहीबुवा, त्या हाताची लकब माझ्या ओळखीची आहे. आपल्या दाराची जादा किल्ली मीच घासली होती आणि ती पहिल्यापासून अडायची. विहीणबाई मला येताजाता ऐकवायच्या, "आमच्या घरात सगळ्यात जास्त मिजास तुमच्या किल्लीला!" केसभर मागे घेऊन फिरवायची युक्ती त्यांनी स्वतः शोधलेली. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. ती युक्ती दुसऱ्या कुणाला साधल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि दुपारी हा लॅपटॉप त्यांच्याकडे असायचा हे आपणच बोलला होतात.

तिसरं अजून आहे. हुकूम लिहून ठेवलाय. एंटर दाबायला बोट उचललं की आतला आवाज बंद होतो, बोट मागे घेतलं की सुरू.

ही म्हणते, "मुलगी दिलीय त्या घरात, असलं काही लिहू नका." तेव्हा यातलं काही मी आपल्याला कळवलेलं नाही असं समजावं.

लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.

आपला नम्र,
मुलीकडचा

ता. क. मूळ विनंती राहिलीच. विहीणबाई गेल्यावर आपण मला बोलावून दाराचं कुलूप बदलून घेतलंत. जुनं बघवत नाही म्हणालात. ते मी टाकलेलं नाही, तेल घालून ठेवलंय. परवानगी असेल तर रविवारी येऊन परत बसवतो. विहीणबाई आपल्या किल्लीने घरात पोचल्या की सोमवारी माझं पार्टिशन मोकळं आणि लॉजचं काम पक्कं. (यात माझा स्वार्थ नाही असं म्हणवत नाही.) आणखी एक, लेक सांगत होती, बेल वाजलेली नसताना आपण उठून दार उघडायला जाता. म्हणजे ऐकू आपल्यालाही येतं.

ता. क. दुसरा. कॉम्प्युटरवालीचा आत्ताच निरोप आला. डिस्क मरायला टेकली आहे, आवाज तिचाच, रविवारही बघेल असं वाटत नाही. मला तिचं म्हणणं तंतोतंत पटलं. म्हणून लॉजचं काम काचवाल्याला सोडून दिलंय आणि उद्याच कुलूप घेऊन येतो. फक्त ते बसवल्यावर आवाज आला तर आपण दार उघडायला धावू नका. त्यांचं त्यांना उघडू द्या.